लग्नाच्या दिवशी चेनला तेल

बहिणीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता संघपाल अंगणात उकिडवा बसून मोटारसायकलची चेन धूत होता. घरात पस्तीस पाहुणे, न्हाणीघराबाहेर रांग, आणि हा माणूस डिझेलच्या डबीत जुना टूथब्रश बुडवून एकेक कडी घासत होता. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे त्याला कुणी धड कुठलंच काम सांगितलं नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

संघपाल वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात होता. सुटे भाग हातात घ्यायचे आणि त्यात काय काय बिघडू शकतं ते लिहून काढायचं, याचा त्याला पगार मिळायचा. घरी हेच काम तो फुकट करायचा. पाणी पुरेल का, लाइट जाईल का, हॉलवाला ऐन वेळी कुलूप लावून गावाला जाईल का, असं त्याचं आठ दिवस चाललं होतं. बायको संध्या नवव्या दिवशी बेजार झाली.

"तुम्ही फक्त गाडी घेऊन तयार ऱ्हा," ती म्हणाली. "कुणाला काय लागलं तर आणून द्यायचं. बाकी कशात पडायचं नाय."

आता गाडी घेऊन तयार राहायचं म्हणजे आधी गाडी तयार पाहिजे. संघपालनं पहाटे उठून भावसिंगपुऱ्याच्या गल्लीत एक चक्कर मारली. चेन वाजत होती. ती गेले चार महिने वाजत होती, पण त्या चार महिन्यांत बहिणीचं लग्न नव्हतं. ऐन वेळी तुटली तर? हॉलच्या वाटेवर छावणीच्या गर्दीत, भर उन्हात?

त्याच्या भीतीला एक नावसुद्धा होतं, भागूबाई. नवरदेव आकाशची ही आत्या. आई लवकर गेल्यामुळे आकाशला हिनंच सोयगावला लहानाचं मोठं केलं होतं. एका लग्नात टेबलावरच्या कापडाला डाग दिसला म्हणून ती न जेवता परत गेली होती, असं पाहुण्यांत बोललं जायचं. सुपारीच्या बैठकीत तिनं पाण्याचा पेला उजेडात धरून पाहिला होता. पेला पास झाला, आणि मग तिनं आपलं म्हणणं मांडलं.

"आमाला हुंडा नको, भांडी नको, मानपान नको," भागूबाई म्हणाली होती. "एकच मागनं हाय. पोरीची साडी पांढरीशिप्पट पायजे. काठ बी नको. ज्या दिवशी आपुन पंचशील घेतो त्या दिवशी कापडावर ठिपका दिसू नये. माज्या बापानं मला तसंच उभं केलं व्हतं."

बौद्ध लग्नात नवरी पांढरंच नेसते, मागणी काही जगावेगळी नव्हती. साडी आणली, धुऊन इस्त्री केली, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात ठेवली. संघपाल रोज रात्री ती उघडून बघायचा. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. मोठा भाऊ म्हणून सगळं त्याच्याच डोक्यावर होतं. बहीण मोनाली नर्स होती, रोज रक्त बघणारी मुलगी, तिला कशाचंच काही वाटायचं नाही. ती एवढंच म्हणाली होती, "दादा, मला त्या घरी आयुष्य काढायचंय. पयल्या दिवशी बोलणी खायला लागू नयेत, बाकी तू काय बी कर."

तर संघपाल चेन धूत होता आणि शेजारी मजीद आपल्या मेव्हण्याच्या मोटारीवर झेंडूच्या माळा बांधत होता. मजीद त्याच्याच कंपनीतला, त्याच गल्लीतला, लहानपणापासूनचा दोस्त. नवरीला पार्लरमधून हॉलवर आणायची जिम्मेदारी त्याची होती.

"आज काऊन करतो यार हे?" मजीद म्हणाला.

"वाजतीय ना."

"चार महिने वाजतीय. आज शादी है, आज वाजू दे की. ढोल समज."

"तुटली तर?"

मजीदनं माळ खाली ठेवली. संघपालशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे त्याला बालवाडीपासून ठाऊक होतं.

"बरं, करतोच हाय तर नीट कर. तेल थेंब थेंब टाक, आतल्या बाजूनं. मग अर्धा घंटा हात लावू नको. मग कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून काढ. वरून तेल दिसलं नाय पायजे. दिसणारं तेल उडतं."

"किती पुसायची?"

"हात दुखेपर्यंत," मजीद म्हणाला आणि गाडी घेऊन गुलमंडीकडे, पार्लरच्या दिशेनं गेला.

संघपालनं चेनचं कव्हर काढून वर्तमानपत्रावर ठेवलं होतं. त्याचे दोन बोल्ट हरवू नयेत म्हणून वाटीत, आणि वाटी लाथाडली जाऊ नये म्हणून घरात फ्रिजवर. इतकी काळजी तो घ्यायचा. चेन धुऊन झाली तेव्हा अशी चकाकत होती की दोन पाहुणे चहा घेत बघायला आले. मग त्यानं गिअर ऑइलची बाटली उघडली, नव्वद नंबरचं घट्ट ऑइल, आणि थेंब टाकला. थेंब कमी वाटला. दुसरा टाकला. तो नीट आत गेला की नाही कळेना, म्हणून तिसरा. कमी पडलं की माल परत येतो, हे तो कंपनीत शिकला होता. जास्त झाल्यावर काय होतं ते दुसऱ्या खात्याचं काम होतं. एकशेदहा कड्यांना पुरून बाटली अर्धी झाली तेव्हा त्याला थोडं बरं वाटलं. आता अर्धा तास थांबायचं, मग पुसायचं. तो घड्याळ लावून बसला.

अकराव्या मिनिटाला मजीदचा फोन आला.

"संघ्या, लफडा झाला. गुलमंडीत फसलो. पुढं कापडाचा ट्रक उभा हाय, गठ्ठे उतरवून राह्यले. मागं हातगाड्या. घंटाभर काय निघत नाय मी."

"आन् मोनाली?"

"पार्लरमधी तयार होऊन बसली ना! रिक्षा बी शिरंना इकडं. टू-व्हीलर निघतीय. तू गाडी घेऊन ये."

सव्वादहा वाजले होते. पत्रिकेवर साडेअकराची वेळ होती. आपल्यात मुहूर्त नसतो हे खरं, पण बौद्धाचार्यांना एक वाजता चिकलठाण्याला दुसरं लग्न लावायचं होतं आणि ते शब्दाला पक्के होते. संघपाल उठला. त्या क्षणी त्याला भीती वाटली नाही, उलट छाती फुगली. बघा, म्हणे कशात पडू नका! गाडी तयार ठेवली म्हणूनच आज अब्रू वाचतेय. त्यानं गाडीला किक मारली. कव्हर वर्तमानपत्रावर राहिलं, बोल्ट फ्रिजवर राहिले, फडकं खुंटीवर राहिलं.

चेनचा जरासुद्धा आवाज येत नव्हता. आठ दिवसांत तो पहिल्यांदा हसला.

पार्लरवाली सोनिया मोनालीला हाताला धरून खाली घेऊन आली. मोनाली डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, केसांत मोगऱ्याचा गजरा. तिला बघून संघपालचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तो उगाच आरशाचा नट आवळू लागला.

"एकतीस पिना लावल्यात," सोनियानं बजावलं. "एक जरी काढली ना दादा, तर सगळं सुटतंय. हलवू नका, आपटू नका."

मोनाली मागं एका बाजूला पाय सोडून बसली, डावीकडे, बायका बसतात तशी. निऱ्या तिनं हातानं सावरून धरल्या. संघपाल औरंगपुऱ्यातून भडकल दरवाज्यापर्यंत इतका सावकाश गेला की एका सायकलवाल्यानं त्याला मागं टाकलं. मग छावणीत बौद्धाचार्यांचा फोन आला. "आम्ही हॉलवर पोचलो आहोत, वधू कुठे आहे?" असं त्यांनी फक्त विचारलं, पण शांत आवाजात विचारलं, आणि शांत आवाजाचीच संघपालला जास्त धास्ती. पडेगावच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं गाडीचा कान पिळला. गाडी साठच्या पुढं गेली.

चेन फिरत होती, तेल उडत होतं, आणि दोघं बहीणभाऊ वाऱ्यात मजेत चालले होते.

हॉलच्या मागच्या दारी मोनाली उतरली. संघपालनं गाडी स्टँडवर लावली आणि वळून पाहिलं. साडीच्या डाव्या बाजूला गुडघ्यापासून खाली निऱ्यांपर्यंत काळे ठिपके होते. मोठे, बारीक, लांबट, काही ओघळलेले. त्यानं चेनकडे पाहिलं. ती उघडी होती, ओली होती, आणि छान चमकत होती.

"काय झालं रे दादा?" मोनालीनं खाली पाहिलं. "हे काय हाय?"

"ऑइल."

"कशाचं?"

"नव्वद नंबर."

"नंबर नको सांगू मला!"

संघपाल कठड्यावर बसला. त्याला भागूबाई दिसत होती, उजेडात साडी धरून बघणारी. मोनाली सोयगावच्या घरात भाकरी थापतेय आणि मागून भागूबाई म्हणतेय, आमच्याकडं आली तीच डाग घेऊन आली. सणाला म्हणतेय, बारशाला म्हणतेय. आणि हे सगळं कुणी केलं? ज्याला कशात पडायचं नाय म्हणून सांगितलं होतं त्यानं.

संध्या धावत आली. तिनं नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. बोलायचं तिनं संध्याकाळसाठी राखून ठेवलं. मोनालीला तिनं खोलीत ओढलं, दाराला कडी लावली आणि मेकअपच्या पेटीतली पावडर डागांवर थापली. तेल शोषून घेतं म्हणे. पावडरीनं थोडं तेल शोषलं, बाकीचं पसरवलं. काळे ठिपके होते त्यांचे राखाडी चट्टे झाले.

"बेसन," संध्या म्हणाली. "बेसनानं तेल निघतं. पळा आचाऱ्याकडं!"

संघपाल पळाला. आचारी भज्यांच्या घाईत होता, त्यानं परातीतून मूठभर पीठ कागदावर टाकून दिलं. संध्यानं ते ओलं करून चांगलं चोळलं. चोळून झाल्यावर तिघांच्या लक्षात आलं की ते भज्यांचं पीठ होतं. त्यात हळद होती. ओवाही होता.

"आता पिवळं झालं," मोनाली म्हणाली.

"आन् वास बी येतोय," संध्या म्हणाली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर मालनबाई, संघपालची आई. तिला बीपीचा त्रास, म्हणून तिला काही कळू द्यायचं नाही असं तिघांनी डोळ्यांनीच ठरवलं.

"झालं का रे? पोरीला बघू दे की मला."

"माय, पिना लावतोय!"

"पिना तर पार्लरमधी लावल्या ना?"

"आणखी लावतोय!"

"आन् भजी आत काऊन नेली? वास येऊ राह्यला."

संघपालनं कपाळावर हात मारला. मालनबाई जाता जाता म्हणाली, "बरं, आवरा. नवरदेव बी अजून खोलीतून निघाला नाय. दार लावून बसलेत सगळे. भागूबाई तर नवरीला बघायला बी आली नाय, म्हणली, थेट स्टेजवरच बघू."

हे ऐकून संघपालनं हिशेब मांडला. दार लावून बसलेत म्हणजे काय? नक्की कुणीतरी सांगितलं. मागच्या दारी केटरिंगची माणसं उभी होती, त्यांनी पाहिलं असणार. आत बैठक बसली आहे. भागूबाई म्हणत असेल, मी एकच मागितलं होतं. आकाश म्हणत असेल, जाऊ दे आत्या. आत्या म्हणत असेल, गाड्या काढा.

"संध्या, ते लग्न मोडतेत," तो म्हणाला.

"गप बसा. कुणी काय मोडत नाय. ऐक मोनाली. डाग फक्त डावीकडं हाय ना? मग आकाशरावांना डावीकडं घे. तू त्यांच्या उजव्या हाताला उभी ऱ्हा, डाग दोघांच्या मधी जातो. कुणी काय बी म्हणू दे, डावी बाजू लोकांकडं करायची नाय."

"आन् चालताना?"

"चालताना मी डावीकडं चिकटून येते."

पावणेबाराला नवरदेवाच्या खोलीचं दार उघडलं. आकाश पांढऱ्या झब्बा-पायजम्यात आला, त्याला चिकटून भागूबाई, तिला चिकटून तिच्या दोन जावा. सगळे गंभीर. भागूबाईनं साडीकडे पाहिलंच नाही, ती समोर कुठेतरी बघत होती. संघपालला वाटलं, ही रागाची शेवटची पायरी आहे.

स्टेजवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्त्या लावल्या होत्या. वधूवरांना लोकांकडं तोंड करून उभं राहायचं होतं. मोनाली झटकन आकाशच्या उजव्या हाताला उभी राहिली.

"ताई, वराच्या डाव्या बाजूला," बौद्धाचार्य म्हणाले.

ताई हलली नाही. हलला तो आकाश. त्याच्या चेहऱ्यावर एकदम घाम आला होता. तो मोनालीच्या मागून गेला आणि तिच्या उजवीकडे उभा राहिला. आता मोनालीची डावी बाजू मोकळी पडली, आणि समोर सोयगावच्या बायका बसलेल्या. ती आकाशच्या मागून फिरून पुन्हा त्याच्या उजवीकडे गेली. आकाश परत तिच्या मागून उजवीकडे आला. ती निघाली. तो निघाला. दोघंही खाली मान घालून, हळूहळू, पण न थांबता एकमेकांभोवती फिरत होते.

नवरीकडच्यांना वाटलं, सोयगावकडे अशी पद्धत असेल. सोयगावच्यांना वाटलं, शहरात काहीतरी नवीन निघालं असेल. एका बाईनं घाईनं फुलं टाकायला सुरुवात केली. मोनालीचं संघपालला कळत होतं, पण हा मुलगा का फिरतोय? डाग बघायला फिरतोय का? चारी बाजूंनी तपासणी चालली आहे का?

चौथ्या वेळी तात्यासाहेब उठले. तात्यासाहेब म्हणजे गल्लीतले सगळ्यांत जुने कार्यकर्ते, वय चौऱ्याहत्तर. कुठल्याही लग्नात ते पहिल्या रांगेत बसत आणि कुणी चुकीचं काही केलं तर तिथल्या तिथे सांगत.

"थांबा! थांबा म्हणतो!" तात्यासाहेबांनी काठी आपटली. "हे फेरे कशाला चाललेत? आपल्यात फेरे असतात का? हे बंद करायला आमी पन्नास वर्सं चपला झिजवल्या, आन् तुमी स्टेजवर गरागरा फिरता?"

मालनबाई तोंडावर पदर धरून संघपालकडं बघू लागली. "कुणी सांगितलं रे फेरे घ्यायला?" ती कुजबुजली, आणि संघपालला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

"आम्ही सांगितलेलं नाही," बौद्धाचार्य म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं. बाराला दहा कमी होते. "आता जिथे आहात तिथेच उभे राहा. डावीकडे असा, उजवीकडे असा, एक पाऊल हलायचं नाही."

त्या वेळी मोनाली आकाशच्या उजवीकडे होती. तिनं सुटकेचा श्वास सोडला. आकाशचा चेहरा मात्र पांढरा पडला. आणि तेवढ्यात भागूबाई उठली, तरातरा स्टेजवर चढली आणि आकाशच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. पदर तिनं दोन्ही हातांनी समोर पसरून धरला होता.

"आत्याबाई, आपण खाली बसा," बौद्धाचार्य म्हणाले.

"मी हितंच ऱ्हाते. लेकरू घाबरलंय."

कुणाची हिंमत होणार? त्रिशरण झालं, पंचशील झालं, प्रतिज्ञा झाली, हार घातले गेले. मोनाली, तिच्या डावीकडे आकाश, त्याच्या डावीकडे भागूबाई, असे तिघं एका ओळीत उभे राहून लग्न लागलं. मंगल गाथा चालू असताना संघपालचं लक्ष एका शब्दाकडेही नव्हतं. ती बाई इतक्या जवळ का जाऊन उभी राहिली, याचं त्याच्या मते एकच कारण होतं. जवळून नीट दिसावं म्हणून. एकदा मोनालीनं खाली आकाशच्या पायांकडे पाहिलं, आकाशनं तिच्या पायांकडे पाहिलं, आणि दोघांचे खांदे हलायला लागले. रडतेत, संघपालला वाटलं. दोघंही रडतेत.

फुलं पडली. टाळ्या झाल्या. बौद्धाचार्य चप्पल घालून चिकलठाण्याला निघाले. आणि भागूबाई स्टेजवरून उतरली ती सरळ संघपालच्याच दिशेनं आली.

तो भिंतीला टेकला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं होतं. सगळा दोष माझा, पोरीला काय बोलू नका, मला काय बोलायचं ते बोला. त्यानं तोंड उघडलं, पण भागूबाईनंच आधी हात जोडले.

"भाऊ, येवढी एक मेहरबानी करा," ती म्हणाली. "पोराच्या पायजम्याकडं बघू नका."

"आँ?"

"डाग पडले वो. डाव्या पायाला, पार घोट्यापस्तोर. त्यानं सक्काळी उठून गाडीच्या चेनला तेल घातलं. म्हणला, आत्या, लगीन हाय, गाडी वाजायला नको. आन् त्याच गाडीवर आला हॉलला. कव्हर तर कवाच पडलंय तिचं. घंटाभर दार लावून घासत बसलो, जाईना. लाज गेली माजी. मी तुमाला पांढरं पायजे म्हणले, ठिपका नको म्हणले, आन् माज्याच घरातून… पोरीला बघायला बी आले नाय मी. कुन्या तोंडानं यावं? तुमी काय म्हणाल म्हणून मला दोन घास गेले नाय सकाळपासून."

भागूबाईच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. संघपालच्या छातीतला आठ दिवसांचा दगड एकदम खाली गेला. त्याला हलकं वाटलं, मोठं वाटलं, सगळ्या जगाला माफ करावं असं वाटलं. आणि माणूस हलका झाला की त्याची जीभ सुटते.

"असू द्या हो आत्याबाई," तो म्हणाला. "डागाचं काय येवढं घेऊन बसलात? माणसं चांगली पायजेत. आमी काय कुणाच्या कपड्यावरचे ठिपके मोजणारे लोक नाय. खरं तर गाडीचं कसं असतं, तेल घातल्यावर पुसावं लागतं. नवीन पोरांना धीर नसतो. पण जाऊ द्या. आमच्या मनात काय बी नाय."

भागूबाई डोळे पुसत होती. "लई मोठ्या मनाचे हायेत तुमी, भाऊ."

"अवो," मागून संध्याचा आवाज आला. संघपालला अजून दोन वाक्यं बोलायची होती, म्हणून त्यानं तिला हातानं थांबवलं. "अवो, गप बसा!" संध्या म्हणाली.

मोनाली स्टेजवरून खाली येत होती. आता तिला चिकटून कुणी नव्हतं, आणि तिला त्याची फिकीरही दिसत नव्हती. आकाशचा हात धरून ती हसत हसत आली आणि आत्याच्या पाया पडायला डाव्या बाजूनं वाकली. गुडघ्यापासून निऱ्यांपर्यंत काळं, राखाडी आणि पिवळं, सगळं भागूबाईच्या समोर आलं. ओव्याचा वासही आला.

भागूबाईनं खाली पाहिलं. मग वाकून साडीचा डाग पडलेला भागच बोटांत धरला आणि सवयीप्रमाणे उजेडाकडे केला. संघपाल ज्या भिंतीला टेकला होता तिच्यात शिरता आलं असतं तर शिरला असता. थोड्या वेळापूर्वी आपण काय काय बोललो ते त्याला शब्दाशब्दानं आठवत होतं. त्यानं हात जोडले. आता दोघं एकमेकांसमोर उभे होते, तो हात जोडून आणि ती साडी धरून.

"तुमी बी?" भागूबाईनं विचारलं.

संघपालनं मान हलवली.

"आजच?"

"सकाळी."

भागूबाईनं मोनालीकडे पाहिलं, आकाशकडे पाहिलं, त्याच्या पायजम्याकडे पाहिलं. तिच्या गालाचा एक कोपरा हलला, पण तिनं तो आवरला.

"हे निघतं का वो कशानं?"

"नाय निघत, आत्याबाई. लई घासलं."

"आमी बी." तिनं साडी सोडली, निऱ्या हातानं नीट केल्या आणि मोनालीला जवळ घेतलं. "मग ऱ्हाऊ द्या आता. जोडीचं हाय."